डुप्रासी पाळताना : पिंजऱ्यापासून ओंजळीपर्यंत

गर्बिल म्हणजे कोरड्या प्रदेशातले उंदरासारखे लहान प्राणी, आणि त्यांच्या गोतावळ्यात डुप्रासी या जाड शेपटीच्या गर्बिलइतका शांत स्वभावाचा प्राणी शोधूनही सापडायचा नाही. मंगोलियन गर्बिल हातात घेतला की बाहीतून खांद्यावर आणि खांद्यावरून जमिनीवर कधी पोचला ते कळत नाही. डुप्रासी मात्र एकदा ओळख पटली की तळहातावर बसून निवांत मिशा साफ करत राहतो. तरीही "आमचा चावतो", "दिवसभर मेल्यासारखा पडून असतो", "हात घातला की चिरकतो" अशा तक्रारी करणारे खूप भेटतात. थोडी चौकशी केली की कारण बहुतेक वेळा तेच निघतं. त्याला हॅमस्टरचा पिंजरा दिलेला असतो, हॅमस्टरचं खाणं दिलेलं असतं, आणि माणसांच्या सोयीनं भर दुपारी झोपेतून उठवून मुलांच्या हातात दिलेलं असतं. माणसाळवण्याची सुरुवात त्याची राहणी नीट लावण्यापासून होते. कोरडी वाळू, किडे आणि पुरेशी झोप मिळाली की पुढचं काम निम्मं होऊन जातं.

मी हे इंग्लंडमध्ये राहून लिहिते आहे. इथे गर्बिल पाळायला परवाना लागत नाही आणि खासगी ब्रीडरकडे, म्हणजे घरी पैदास करून पिलं देणाऱ्यांकडे, डुप्रासी मिळतात. पण वाचणारे बरेच जण पुण्या-मुंबईत असतील, काही अमेरिकेत, म्हणून तिथल्या गोष्टीही ओघात येतील.

त्याचं मूळ घर

शास्त्रीय नाव पॅकीयुरोमिस डुप्रासी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फर्नां लातास्त यांनी १८८० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. राहतो सहाराच्या उत्तर भागात: मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया आणि इजिप्त. विरळ झुडपांची, वाळूची आणि खडकाळ सपाटी हा त्याचा मुलूख. टणक वाळूत खोल बीळ खणून दिवस त्यात काढायचा आणि अंधार पडला की किडे, पानं, बिया शोधत फिरायचं, असा दिनक्रम.

अंगानं तो दहा-बारा सेंटिमीटरचा, वर पाचेक सेंटिमीटरची जवळजवळ उघडी, गुलाबी, टोकाशी गोल शेपटी. पाठ पिवळसर तपकिरी, पोट आणि पाय पांढरे, कानामागे पांढरा ठिपका. शेपटीत चरबी साठते. उंटाच्या वशिंडाचं जे काम, तेच हिचं. खायला कमी पडलं की ती बारीक होते, भरपूर मिळालं की फुगते. ही शेपटी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा लागणार आहे.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे कान. बाहेरून कान लहान दिसतात, पण कवटीत मधल्या कानाची हाडाची पोकळी अवाढव्य असते. वाळवंटात घुबडाच्या पंखांची किंवा सापाच्या सरपटण्याची चाहूल लागावी म्हणून ही रचना. आपल्या घरात त्याच कानांवर मिक्सर, कुकरची शिट्टी, टीव्ही आणि दिवाळीचे फटाके आदळतात.

आणण्याआधी

सगळ्यात आधी कायदा. कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत कुठलाही गर्बिल पाळायला बंदी आहे, तेव्हा बे एरियातल्या मराठी घरांनी हा विचार सोडून द्यावा. ऑस्ट्रेलियातही गर्बिल आणता किंवा पाळता येत नाहीत. भारतात बाहेरून जिवंत प्राणी आणायचा तर कुत्रा-मांजर सोडून इतरांसाठी परदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि अ‍ॅनिमल क्वारंटाइनची कागदपत्रं लागतात. परदेशातून परतताना सामानात डबा ठेवून आणण्याचा विचार कुणी करू नये. पकडले गेलात तर प्राणी जप्त होतो, आणि विमानाच्या पोटात तो जगेल याचाही भरवसा नाही. भारतात कुणी दुकानदार डुप्रासी म्हणून दाखवू लागला तर तो कुठे जन्मला, कुणाकडून आला, याची पावती मागा. पावती नसेल तर घेऊ नका. आपल्याकडच्या शेतातले किंवा कच्छ-राजस्थानातले रानटी गर्बिल पकडून पाळणं तर अजिबात नको. त्यांचा संसार उघड्या रानातच होतो.

ब्रीडरकडे गेलात की पिलू पाच-सहा आठवड्यांचं झालेलं असावं. डोळे चमकदार, नाक कोरडं, शेपटीखालचा भाग स्वच्छ, चालताना तोल बरोबर. शेपटी भरलेली असावी. चावल्याच्या खुणा दिसल्या तर तो भावंडांत मार खातो आहे असं समजा. लगेच वेगळं ठेवलं तर असं पिलू सावरतं, पण पहिल्यांदाच पाळणाऱ्यानं ते न घेतलेलं बरं. ब्रीडर पिलांना लहानपणापासून हाताळतो का, हे नक्की विचारा. रोज दोन मिनिटं हातात घेतलेलं पिलू आणि कधीच न हाताळलेलं पिलू यांत पुढचे कित्येक आठवडे फरक दिसतो. निघताना त्याच्या जुन्या घरातली मूठभर वाळू आणि घरट्याचा कागद मागून घ्या. नव्या घरात तोच ओळखीचा वास त्याला धीर देतो.

वयाचाही विचार करा. हॅमस्टर दोन-तीन वर्षं जगतो. डुप्रासी सहज पाच वर्षं जगतो, नीट सांभाळला तर त्याहून जास्तही. दहावीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला प्राणी तो कॉलेजला गेल्यावर आईच्याच गळ्यात पडतो. घेण्याआधी आईची तयारी आहे का ते बघा.

एक की दोन?

एकच. पाळणारे इथेच सगळ्यात जास्त वाद घालतात, म्हणून स्पष्ट लिहिते. लहानपणी एकत्र वाढलेली भावंडं काही महिने गुण्यागोविंदानं राहतात आणि एका रात्रीत एकमेकांच्या शेपट्या फोडतात. मादी विशेष आक्रमक असते. नर-मादी एकत्र ठेवले तर मादी नराला जिवे मारू शकते, आणि नाही मारलं तर तीन आठवड्यांत पिलं होतात. एका वेळी तीन ते सहा. ती पिलंही दोनेक महिन्यांत वयात येतात. शेपटीवरच्या जखमेत पू झाला तर शेपटी कापण्यापर्यंत वेळ येते. "एकटा कंटाळेल" ही माणसाची काळजी आहे. त्याला सोबत हवी असेल तर ती संध्याकाळी तुम्ही द्यायची.

घर लावणं

तारांचा पिंजरा नको. तारा कुरतडून नाकाला जखमा होतात आणि वाळू खोलीभर उडते. काचेची टाकी किंवा समोरून उघडणारं टेरेरियम घ्या. तळ किमान ८० बाय ४० सेंटिमीटर, जागा असेल तर १०० बाय ५०. वरून हात घालावा लागला की तो घाबरतो, कारण वाळवंटात वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी. म्हणून मला समोरून उघडणारं टेरेरियम जास्त पसंत आहे. टाकीच घेतली असेल तर ती जमिनीवर न ठेवता कमरेएवढ्या टेबलावर ठेवा. झाकण जाळीचं आणि घट्ट बसणारं हवं. वरचा भाग बंद केला तर आत ओल धरते.

तळात दोन भाग करा. मोठ्या भागात खणण्याजोगं अस्तर: कागदाचा लगदा, वाळलेलं गवत आणि थोडी माती-वाळू एकत्र करून किमान १५ ते २० सेंटिमीटर जाडीचा थर. हातानं दाबून बसवा, म्हणजे बोगदा ढासळणार नाही. देवदार किंवा पाइनचा वास येणारा भुसा घालू नका, त्यातल्या तेलाच्या वाफांनी श्वासनलिकेला त्रास होतो. उरलेल्या तिसऱ्या हिश्शात फक्त बारीक, धुतलेली, पूर्ण वाळवलेली वाळू. बांधकामाची टोकदार वाळू चालत नाही, पांढरी धूळ उडवणारी पावडरही नाही. चिंचिला या दाट केसांच्या पाळीव प्राण्यासाठी मिळते ती वाळू घेताना पाकिटावर "धूळ नाही, कॅल्शियम नाही" हे पाहा. ही वाळू नुसती शोभेची नाही. तो तिच्यात लोळून अंगावरचं तेल काढतो, पोटावरच्या ग्रंथीचा वास तिला घासून आपली हद्द आखतो आणि बऱ्याचदा तिच्याच एका कोपऱ्यात लघवी करतो. वाळू नसेल तर केस तेलकट, चिपकलेले दिसतात. पाण्यानं आंघोळ मात्र कधीच घालायची नाही. ओल्या केसांनी त्याला थंडी भरते, आणि एकदा भरली की सावरणं अवघड.

जड वस्तू, म्हणजे दगड, मातीचं भांडं, लाकडी घर, आधी थेट तळावर ठेवा आणि मग भोवती अस्तर भरा. वर ठेवल्या तर तो खालून खणतो आणि वस्तू अंगावर कोसळते. एखादा खरखरीत सपाट दगड हवाच, त्यावर नखं आपोआप झिजतात. कुरतडायला सफरचंदाची किंवा भुर्जाची वाळलेली फांदी. बुचाच्या सालीचे बोगदे त्याला फार आवडतात. घरट्यासाठी बिनवासाचा टिशू पेपर फाडून द्या. तयार मिळणारा कापसासारखा बिछाना देऊ नका, त्याचे धागे बोटांना आवळून रक्त थांबवतात.

चाक २० सेंटिमीटरपेक्षा लहान नको आणि त्याचा पृष्ठभाग सलग हवा. दांड्यांच्या चाकात त्याची जाड शेपटी अडकते. धावताना पाठ सरळ दिसली पाहिजे. पाठीला वाक पडत असेल तर चाक लहान आहे.

ओल हा खरा शत्रू

तापमान २० ते २६ अंशांच्या आसपास ठेवलं की तो खूश असतो. थोडी गरमी तो सहन करतो, पण बंद काचेत उन्हाची तिरीप आली तर टाकीची भट्टी होते. टाकी खिडकीपासून दूर ठेवा. इथल्या हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद करणाऱ्यांनी खोली १८ अंशांखाली जाणार नाही असं बघावं, नाहीतर तो गारठून सुस्त होतो.

पण तापमानापेक्षा आर्द्रता महत्त्वाची. पन्नास टक्क्यांखाली असेल तर उत्तम. लंडनच्या सर्द तळघरांतही ती साठ-सत्तरला जाते, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर तर भिंतींना घाम फुटलेला असतो. अशा हवेत वाळू चिकट होते, घरट्याचा कागद ओलसर पडतो, त्याच्या पायांना आणि शेपटीच्या त्वचेला फोड येतात, नाकातून शिंका सुरू होतात. आर्द्रता मोजणारा स्वस्त हायग्रोमीटर टाकीच्या भिंतीला चिकटवा. आकडा चढला तर खोलीत डीह्युमिडिफायर लावा किंवा एसी ड्राय मोडवर चालवा, मात्र हवेचा झोत थेट टाकीवर नको. वाळू दर आठवड्याला ओव्हनमध्ये किंवा कढईत कोरडी भाजून, गार करून परत घाला. पाण्याचं भांडं वाळूपासून लांबच्या कोपऱ्यात. बाटली लावली असेल तर ती ठिबकते का, ते रोज बघा.

आपल्या घरांतल्या आणखी काही गोष्टी: धूप, अगरबत्ती, मच्छर कॉइल, मिरचीच्या फोडणीचा खाट हे सगळं त्याच्या खोलीत जाता कामा नये. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही नकोत. आणि उंदीर पळवायला प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र घरात असेल तर ते काढून टाका. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्याला मात्र रात्रभर ऐकू येतो.

खाणं

हॅमस्टरचं मिश्रण दिलं की तो सूर्यफुलाच्या बिया निवडून खातो, बाकी सोडतो, आणि दोन महिन्यांत वाळूत गडगडणारा गोळा होतो. निसर्गात त्याचा आहार किड्यांवर उभा आहे, म्हणून प्रथिनं जास्त आणि चरबी कमी असा बेत हवा.

रोज संध्याकाळी, त्याच्या जागं होण्याच्या वेळी, एक चहाचा चमचा बारीक धान्य आणि रानगवताच्या बियांचं मिश्रण. बाजरी, राळे, वरी, नाचणी, थोडं जव, वाळलेल्या पानांचा चुरा. हे धान्य मराठी घरात नाहीतरी असतंच, फक्त भाजलेलं, मिठाचं किंवा तेल लागलेलं नको. त्याबरोबर किडे: मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या), लहान रातकिडे, टोळ, ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या. मोठ्या डुप्रासीला दिवसाला तीन-चार मीलवर्म पुरतात, वाढत्या वयात किंवा शेपटी बारीक असेल तर जास्त. मीलवर्ममध्ये चरबी भरपूर आणि कॅल्शियम कमी, म्हणून रोज तेच न देता अदलाबदल करा. जिवंत किडे देण्याआधी एक दिवस त्यांना ओट्स आणि गाजर खाऊ घाला, त्यांच्या पोटातलं याच्या पोटात जातं. बागेतले किडे पकडून देऊ नका, त्यांवर फवारणीचं औषध असू शकतं. किड्यांची किळस वाटणाऱ्या शाकाहारी घरांसाठी वाळवलेले किडे मिळतात. उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा आठवड्यातून एक-दोनदा चालतो. पण किडे कायमचे वगळून हा प्राणी पाळता येणार नाही. घरात ते जमणार नसेल तर दुसरा प्राणी निवडा.

भाजी अगदी चिमूटभर: काकडीची चकती, गाजराचा तुकडा, सिंहपर्णीचं (डँडेलियनचं) पान. जास्त पाणीदार खाल्लं की पोट बिघडतं. न खाल्लेला ओला तुकडा सकाळी काढून टाका. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळं, चॉकलेट, फरसाण, बिस्किट, कच्चा राजमा हे कधीच नाही. वाळवंटातला असला तरी स्वच्छ पाणी कायम समोर असावं.

खाणं वाटीत न देता वाळूत विखरून द्या. शोधून खाण्यात त्याची रात्र जाते आणि पोटही सुटत नाही.

शेपटी वाचायला शिका

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी ठेवून त्याचं वजन करा आणि वहीत लिहा. प्रौढ डुप्रासी साधारण ४० ते ८० ग्रॅमचा असतो, पण आकड्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या वजनात पडणारा फरक महत्त्वाचा. त्याचबरोबर शेपटी बघा. बोटाच्या टोकाएवढी गोलसर आणि मऊ असेल तर तब्येत उत्तम. मणके जाणवण्याइतकी बारीक झाली तर एकतर खाणं कमी पडतंय किंवा आतून आजार आहे. शेपटी टम्म आणि अंगही चेंडूसारखं गोल, चालताना पोट वाळूला घासतंय, असं दिसलं तर मीलवर्म आणि तेलबिया बंद करून खाणं जास्त पसरून द्या. उपाशी ठेवून वजन उतरवू नका. दोन-तीन दिवसांत शेपटी झपाट्यानं आटली तर वाट न बघता डॉक्टरकडे जा. इतका स्पष्ट इशारा फार कमी लहान पाळीव प्राणी देतात.

माणसाळवणं

घरी आणल्यावर पहिले चार-पाच दिवस हात लावायचा नाही. टाकीचा एक भाग कापडानं झाका, खाणं-पाणी बदला, जाता-येता हळू आवाजात बोला. रोज एकाच वेळी, एकाच शब्दानं हाक मारा. त्या आवाजापाठोपाठ किडा मिळतो, हे त्याला लवकर कळतं.

झोपेबद्दल इथेच सांगते. डुप्रासी इतका गाढ झोपतो की कधी कधी कुशीवर किंवा पाठीवर पाय ताणून पडलेला दिसतो आणि बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. हलवून बघू नका. दुरून छातीची हालचाल पाहा. अशा झोपेतून एकदम उठवलं तर तो डोळे न उघडताच चावतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. हाताळायची वेळ म्हणजे तो स्वतः उठून, वाळूत लोळून, थोडं खाऊन झाल्यानंतरची. बहुतेकांत ती रात्री आठ-नऊनंतर येते. काही जण दुपारीही तासभर उठतात, आपल्याकडचा कधी उठतो ते आठवडाभर पाहून ठरवा.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून संध्याकाळी हात बिनवासाच्या साबणानं धुऊन वाळूवर ठेवा. तळवा वर, बोटं सैल. चपाती-भाजी खाऊन तसाच हात घातला तर तुमचं बोट त्याला खाणंच वाटणार. हात हलवू नका, त्याच्या मागे नेऊ नका. तो येईल, वास घेईल, हलकेच दातांनी चाचपडून बघेल. ही चाचपणी म्हणजे चावणं नव्हे, तेव्हा हात झटक्यानं ओढू नका. दहा मिनिटं झाली की हात बाहेर. रोज असं करत राहिलं की तो हातावरून बोगद्यासारखा ये-जा करू लागतो.

मग तळहातावर मीलवर्म ठेवा, आधी बोटांच्या टोकाशी, मग मधोमध, मग मनगटापाशी. चारही पाय हातावर ठेवून तो निवांत खाऊ लागला की पुढची पायरी. चिमट्यानं किंवा बोटांच्या चिमटीत धरून खाऊ घालण्याची सवय लावू नका, नाहीतर बोट दिसलं की तो झडप घालायला शिकतो.

उचलायचं ते ओंजळीत. दोन्ही हात बाजूंनी, वाळूला लागून, हळूहळू जवळ आणा आणि तो मध्ये आला की वाळूसकट वर घ्या. वरून मुठीत पकडायचं नाही. शेपटीला धरून तर कुठल्याही परिस्थितीत नाही, तिथे त्वचा, नसा आणि मणके सगळं दुखावतं. ओंजळीला बिचकत असेल तर एक मोठा मग आडवा ठेवा. तो आपणहून आत शिरला की मगाचं तोंड हातानं झाकून मगासकट उचला आणि मांडीवर सोडा. आठवडाभरात मगाची गरज संपते.

सुरुवातीला कायम जमिनीवर बसूनच हाताळा. तो मंगोलियन गर्बिलसारखा उड्या मारत नाही, पण उंचीचा अंदाज त्याला नसतो. सोफ्याच्या उंचीवरून पडला तरी पाय किंवा दात मोडतो. इंग्लंडमधल्या घरांत कोरडा बाथटब या कामाला उत्तम: तळाला टॉवेल अंथरा, ड्रेनचं भोक बंद करा, स्वतः आत बसा. फ्लॅटमध्ये छोटी खोली बंद करून दाराखालची फट टॉवेलनं बुजवा. पाय पसरून बसा आणि त्याला अंगावरून फिरू द्या. पहिल्या बैठका पाच मिनिटांच्या, पुढे पंधरा-वीस. त्यानं टाकीकडे परतायची धडपड सुरू केली की लगेच परत ठेवा. माझ्या मते विश्वास सगळ्यात जास्त याच क्षणी बसतो. नको म्हटलं की हा माणूस थांबतो, हे त्याला कळतं.

त्याची भाषा सोपी आहे. हातावर बसून अंग साफ करणं, बोट चाटणं, डोळे अर्धवट मिटणं म्हणजे सगळं ठीक. एकदम गोठून डोळे मोठे करणं म्हणजे भीती. तीक्ष्ण चिरक म्हणजे "सोड". चिरकला तर लगेच खाली ठेवा, उगाच थोपटत बसू नका. चावलाच तर ओरडू नका, फुंकर मारू नका, हात झटकू नका. हात वाळूवर टेकवा आणि थांबा, तो सोडतो. मग कारण शोधा: झोपमोड झाली का, हाताला वास होता का, शेजारी मांजर होती का, की कुठे दुखतंय? आजवर न चावणारा अचानक चावू लागला तर दुखण्याची शक्यता आधी तपासा.

किती दिवस लागतात? हाताळलेलं पिलू आठवडाभरात ओंजळीत येतं, मोठ्या वयात आणलेल्याला महिना-दोन महिने लागू शकतात. काही जण आयुष्यभर हातावर येतात पण पकडून घेतलेलं त्यांना चालत नाही. तेही पुरेसं आहे.

मुलं असतील तर नियम दोनच: बसल्याशिवाय हात नाही, मोठ्यांशिवाय टाकी उघडायची नाही. आणि मांजर असलेल्या घरात टाकीची खोलीच वेगळी हवी. काचेबाहेर तासन्‌तास बसलेली मांजर म्हणजे त्याला रोजची धास्ती.

फटाक्यांच्या दिवसांत, मग ती दिवाळी असो वा इथली पाच नोव्हेंबरची रात्र, अस्तराचा थर आणखी वाढवा, टाकीवर जाड रजई टाका पण हवेला फट ठेवा, आणि त्या दिवसांत हाताळणं बंद.

साफसफाई

लघवीचा कोपरा रोज चमच्यानं काढा, वाळू आठवड्यातून एकदा पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळा. अस्तर सगळं एकदम कधीच बदलू नका. दर दोनेक महिन्यांनी एक तृतीयांश काढून नवं घाला आणि जुनं घरटं तसंच ठेवा. स्वतःचा वास पुसला गेला की तो अस्वस्थ होतो आणि माणसाळवणं मागे पडतं.

आजारपण

टाकी लावायच्या आधीच लहान प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात गर्बिल बघतातच असं नाही, फोन करून विचारा.

मान एका बाजूला वाकडी होऊन तो गोल फिरू लागला तर बहुधा कानाचा संसर्ग, आणि याच्या कानाची रचना पाहता तो लवकर पसरू शकतो. शिंका, श्वासात खरखर, नाकाभोवती लालसर ओल ही श्वसनाची लक्षणं. पातळ शी झाली तर एवढ्याशा जिवाला काही तासांत पाणी कमी पडतं, रात्र थांबू नका. पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते वाकडे झाले तर खायला येऊनही घास टाकून जातो. म्हाताऱ्या डुप्रासीच्या पोटावरची ग्रंथी सुजून गाठ झाली का ते महिन्यातून एकदा बघा, लवकर दिसली तर काढता येते. घरातलं माणसांचं औषध, उरलेलं अँटिबायोटिक यातलं काहीही स्वतःच्या मनानं देऊ नका. उंदीरवर्गीयांच्या पोटाला काही अँटिबायोटिक विषासारखी ठरतात.

तो टाकीतून निसटला तर आधी घरातले चिकट सापळे आणि उंदराचं औषध उचला, दारं बंद करा. मग प्रत्येक खोलीच्या भिंतीलगत थोडं पीठ आणि बाजरी पसरा. पावलांच्या खुणांवरून खोली कळते. रात्री त्या खोलीत त्याच्या वाळूचं भांडं आणि ओळखीचा मग आडवा ठेवला की बहुतेक वेळा तो मगातच सापडतो.

सुट्टीवर जाताना

डिसेंबरात तीन आठवडे भारतात जायचं असतं तेव्हा खरी पंचाईत होते. डुप्रासीला टाकीसकट शेजाऱ्याकडे हलवण्यापेक्षा शेजाऱ्यानं रोज संध्याकाळी तुमच्या घरी येणं त्याच्यासाठी सोपं. जाण्याच्या आठवडाभर आधी त्या व्यक्तीला तुमच्यासमोर दोन-तीनदा खाणं घालू द्या, म्हणजे तिचा वास आणि आवाज ओळखीचा होतो. धान्याच्या रोजच्या पुड्या बांधून तारखा लिहून ठेवा, किड्यांचा डबा वेगळा. टाकीवर एक कागद चिकटवा: नेहमीचं वजन, शेपटीचा फोटो, पाणी रोज बदलायचं, झोपेत हात लावायचा नाही, हीटिंग कितीवर, डॉक्टरचा फोन आणि उपचाराचा खर्च करायला तुमची लेखी परवानगी. दर तीन दिवसांनी शेपटीचा फोटो पाठवायला सांगा.